पूर्वजांची साक्ष

२२ फेब्रुवारी १८६१ रोजी, अध्यक्षपदाची सूत्रे हाती घेण्यासाठी राजधानीकडे निघालेला अब्राहम लिंकन वाटेत फिलाडेल्फिया येथे थांबला, आणि ज्या सभागृहात १७७६ साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला त्यापुढे त्याने राष्ट्रध्वज उभारला. आपल्या साऱ्या राजकीय भावनांचा उगम त्या जाहीरनाम्यात आहे, असे त्याने त्या वेळी सांगितले. बरोबर एक वर्षाने, २२ फेब्रुवारी १८६२ रोजी, व्हर्जिनियाची राजधानी रिचमंड येथे जेफरसन डेव्हिस याने संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणी संस्थानांच्या कायम अध्यक्षपदाची शपथ घेतली. समारंभाचे स्थळ जॉर्ज वॉशिंग्टनच्या अश्वारूढ पुतळ्याच्या सन्निध होते. आणि पुढल्या वर्षी या नव्या राज्याने आपली राजमुद्रा मंजूर केली, तेव्हा तीवरही तोच घोडेस्वार आला. या दोन्ही प्रसंगांची तारीख एकच असणे हा योगायोग नव्हे. २२ फेब्रुवारी ही वॉशिंग्टनची जन्मतिथी होय. पूर्वज एक, त्याची जन्मतिथी एक. आणि तिच्यावर हक्क सांगणारे वारस मात्र दोन, तेही एकमेकांच्या जिवावर उठलेले.

त्या दोहोंपैकी खरा वारस कोणता? वॉशिंग्टनपासून अँड्र्यू जॅक्सनपर्यंत जे पहिले सात अध्यक्ष झाले, ते १८६१ साली हयात असते तर त्यांनी दक्षिणेच्या फुटून निघण्यास पाठिंबा दिला असता काय? सातांपैकी शेवटचा पुरुष, जॉन क्विन्सी ॲडम्स, १८४८ साली निवर्तला. तेव्हा प्रत्यक्ष साक्ष कोणाचीच मिळण्यासारखी नव्हती. तरीही हा प्रश्न त्या वेळी विचारला गेला आणि दीडशेहून अधिक वर्षे लोटली तरी अमेरिकेत तो अद्याप विचारला जातो. वरवर पाहता असला प्रश्न पोरकट वाटेल. मेलेल्या मनुष्याच्या तोंडी शब्द घालणे फार सोपे, कारण तो नाकारावयास येत नाही. परंतु हे सातही पुरुष लिहिणारे, बोलणारे व राज्य चालविणारे होते. त्यांची पत्रे, संदेश, ठराव आणि आज्ञा आपल्यापुढे आहेत. म्हणून हा प्रश्न भूतविद्येचा नसून वाचनाचा आहे. आणि लेख कसा वाचावा, त्यातील कोणत्या वाक्याला किती वजन द्यावे, हे ठरविणे टीकाकाराच्या कक्षेबाहेरचे खास नव्हे.

आपल्याकडील मीमांसकांनी ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्याच्या ज्या कसोट्या सांगितल्या आहेत त्या येथे चांगल्याच उपयोगी पडतात. ग्रंथाचा आरंभ व शेवट यांची एकवाक्यता होते की नाही, कोणती गोष्ट त्यात पुनःपुन्हा आली आहे, तिचे फल काय सांगितले आहे, आणि कोणते वाक्य प्रत्यक्ष विधी असून कोणते केवळ अर्थवाद आहे, हे पाहिल्यावाचून एखादे सुटे वचन पुढे करणाऱ्यास आपले शास्त्री वादात उभे राहू देत नसत. प्रस्तुत वादात सुट्या वचनांचा सुकाळ आहे. युद्ध हरल्यावर दक्षिणेच्या पुढाऱ्यांनी आपल्या समर्थनार्थ जे ग्रंथ लिहिले, त्यांत दक्षिणी राज्याचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याचा १८६८ व १८७० साली दोन भागांत निघालेला संवादरूप ग्रंथ, आणि स्वतः डेव्हिसचा १८८१ सालचा दोन भागांचा ग्रंथ, हे प्रमुख होत. दोघेही विद्वान होते. दोघांनीही पूर्वजांची वचने परिश्रमपूर्वक गोळा केली आहेत. तेव्हा आधी त्यांचा पूर्वपक्ष शक्य तितक्या प्रामाणिकपणे मांडणे अवश्य आहे.

पूर्वपक्ष असा. संघराज्य हा स्वतंत्र संस्थानांनी आपखुशीने केलेला करार होय. व्हर्जिनिया, न्यूयॉर्क व ऱ्होड आयलंड या संस्थानांनी राज्यघटनेस मान्यता देताना, दिलेली सत्ता प्रसंग पडल्यास जनतेस परत घेता येईल, अशा आशयाचे शब्द मुद्दाम घातले होते. १७९८ साली जॉन ॲडम्सच्या कारकिर्दीत सरकारवरील टीकेची मुस्कटदाबी करणारे कायदे झाले, तेव्हा केंटकी संस्थानाच्या ठरावांचा मसुदा टॉमस जेफरसनने गुप्तपणे लिहून दिला, आणि घटनाबाह्य कायदा संस्थानाने आपल्या हद्दीत रद्दबातल समजावा, ही कल्पना त्यात मांडली. १७९९ साली त्याने जेम्स मॅडिसनला लिहिले की, स्वराज्याचे हक्क सोडण्यापेक्षा या संघापासून तुटणे पत्करले. १८०३ साली मिसिसिपीच्या पलीकडील प्रदेशाविषयी लिहिताना, तिकडील लोकांचे कल्याण वेगळे होण्यात असेल तर खुशाल वेगळे होवोत, अशा अर्थाचे उद्गार त्याने काढले. आणि १८१६ सालच्या एका पत्रात, एखाद्या संस्थानाला विभक्त होणेच पसंत असेल तर आपण निःसंकोच विभक्त होऊ, असे तो म्हणतो. उत्तरेकडचा जॉन क्विन्सी ॲडम्स हादेखील १८३९ सालच्या आपल्या व्याख्यानात म्हणून गेला की, मनेच फाटल्यावर बळजबरीने बांधून राहण्यापेक्षा मित्रभावाने वेगळे होणे बरे.

ही वचने खोटी नाहीत आणि क्षुल्लकही नाहीत. ज्यास असे वाटते की पूर्वजांनी फुटून निघण्याचा विचारही कधी मनात आणला नव्हता, त्याने ती एकदा अवश्य वाचावीत. परंतु त्यांवरून दक्षिणेचे पुढारी जे अनुमान काढतात ते काढण्यापूर्वी एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. मिताक्षरेप्रमाणे एकत्र कुटुंबातील सहभागीदार मनास येईल तेव्हा वाटणी मागू शकतो. कारण सांगण्याचे त्यास प्रयोजन नाही आणि इतरांची संमतीही त्यास नको. हा कायद्याने दिलेला हक्क झाला. उलटपक्षी, घरातला कर्ता जुलूम करू लागला, मारहाण करू लागला, तर त्याच्या हातून सुटण्याचा जो हक्क मनुष्यमात्रास आहे, तो कोणत्याही स्मृतीने दिलेला नाही. तो निसर्गसिद्ध आहे, पण तो बजावणाऱ्याला जुलूम सिद्ध करावा लागतो आणि परिणामही भोगावे लागतात. पहिल्यास अमेरिकेत संघत्यागाचा घटनात्मक हक्क म्हणतात. दुसरा तो क्रांतीचा हक्क. १७७६ सालचा जाहीरनामा दुसऱ्याच्या आधारावर उभा आहे. म्हणूनच त्याचा मोठा भाग राजाच्या अपराधांची यादी देण्यात खर्ची पडला आहे. दक्षिणेला १८६१ साली हवा होता तो मात्र पहिला. स्टीफन्सच्या ग्रंथाचा सारा खटाटोप आहे तो दुसऱ्या हक्काची वचने पहिल्या हक्काच्या खाती जमा करण्याचा.

आता एकेक साक्षीदार घेऊ. वॉशिंग्टनविषयी फारसा वाद संभवत नाही. १७९४ साली पश्चिम पेनसिल्व्हेनियात दारूवरील कराविरुद्ध दंगा उसळला, तेव्हा त्याने जवळजवळ १३,००० संस्थानी शिपाई गोळा केले आणि अध्यक्ष असताना काही मजल स्वतः त्यांच्याबरोबर केली. १७९६ सालच्या निरोपाच्या पत्रात, देशाचा एखादा भाग इतरांपासून तोडू पाहणाऱ्याच्या पहिल्या चाहुलीलाच धिक्कारावे, असा त्याचा उपदेश आहे. आणि भौगोलिक भेदांवर पक्ष उभारणे किती घातक, हे त्याने तेथेच विस्ताराने सांगितले आहे. जनतेला राज्यघटना बदलण्याचा अधिकार आहे, हे तो मान्य करतो. परंतु सबंध जनतेच्या स्पष्ट व अधिकृत कृतीने ती बदलेपर्यंत ती सर्वांवर बंधनकारक होय, असे त्याचे म्हणणे. ‘सबंध’ या एका शब्दात पूर्वपक्षाचे उत्तर येऊन जाते. आणखी एक ऐकीव गोष्ट जेफरसनच्या टिपणांत आहे: संघ उत्तर व दक्षिण असा दुभंगलाच तर आपण उत्तरेत जाऊन राहावयाचे ठरविले आहे, असे वॉशिंग्टन एडमंड रँडॉल्फपाशी बोलला होता. ऐकीव म्हणून तिचे वजन कमी धरावे. पण ती टिपून ठेवणारा उत्तरेचा पक्षपाती नव्हता, हेही विसरू नये.

जेफरसनची गोष्ट अवघड आहे. आणि ती सोपी करून सांगणाऱ्या दोन्ही पक्षांपासून वाचकाने सावध असावे. वर दिलेली त्याची वचने अस्सल आहेत. पण ज्या १७९८ साली त्याने केंटकीचे ठराव लिहिले, त्याच साली जून महिन्यात त्याने व्हर्जिनियाच्या जॉन टेलरला एक पत्र लिहिले आहे. टेलरच्या मनात फुटून निघण्याचे विचार घोळू लागले होते. जेफरसन त्यास धीर धरावयास सांगतो. त्याचा युक्तिवाद असा: प्रत्येक स्वतंत्र समाजात दोन पक्ष असावयाचेच, आज न्यू इंग्लंडशी पटत नाही म्हणून वेगळे झालो, तर उद्या पेनसिल्व्हेनिया व व्हर्जिनिया यांचे वाकडे येईल, अखेर व्हर्जिनिया व नॉर्थ कॅरोलिना एवढीच उरली तरी तीही भांडतील आणि एकेकटी होतील. फुटीरपणाविरुद्ध याहून मार्मिक युक्तिवाद पुढे लिंकनलाही सुचला नाही. शिवाय, अध्यक्ष झाल्यावर याच जेफरसनने, पश्चिमेकडे वेगळे राज्य उभारण्याचा बेत केल्याच्या संशयावरून ॲरन बर याच्यावर १८०७ साली राजद्रोहाचा खटला भरविला. आणि परदेशी व्यापारबंदीचा कायदा न्यू इंग्लंडकडून पाळून घेण्यासाठी जी कडक उपाययोजना केली, ती संस्थानांच्या स्वातंत्र्याचे गोडवे गाणाऱ्यास शोभणारी नव्हती.

तात्पर्यनिर्णय करावयाचा तर मग कोणते वचन विधी मानावे आणि कोणते अर्थवाद? येथे आपल्याला एक असा टीकाकार लाभला आहे की ज्याच्याहून अधिकारी कोणी असू शकत नाही. तो म्हणजे मॅडिसन. चाळीस-पन्नास वर्षे त्याने जेफरसनची पत्रे वाचली होती. १८३२ साली दक्षिण कॅरोलिनातील मंडळी जेफरसनचे नाव घेऊन संघाचे कायदे झुगारू लागली, तेव्हा म्हाताऱ्या मॅडिसनने एका पत्रात लिहिले की, क्षणाची भावना ठसठशीत व सरसकट शब्दांत मांडण्याची सवय मोठ्या प्रतिभेच्या माणसांस असते, आणि जेफरसनचे शब्द वाचताना त्या सवयीची सूट दिली पाहिजे. मित्राच्या शैलीविषयी इतके प्रेमळ आणि इतके नेमके वाक्य क्वचितच लिहिले गेले असेल. जेफरसन हा शब्दांचा स्वामी होता. म्हणून त्याचे शब्द कृतीच्या पुढे धावत. ज्याला त्याची साक्ष काढावयाची असेल त्याने त्याच्या शब्दांबरोबर त्याची सही कोणत्या हुकुमांवर आहे हेही पाहावे.

स्वतः मॅडिसनच्या बाबतीत उपक्रम आणि उपसंहार यांची एकवाक्यता इतकी आहे की, मीमांसकाला त्यात खोट काढता येणार नाही. जुलै १७८८ मध्ये न्यूयॉर्क संस्थान, काही काळाने बाहेर पडण्याचा हक्क राखून घटनेस मान्यता द्यावी की काय, या विचारात होते. हॅमिल्टनने सल्ला विचारला, तेव्हा मॅडिसनने कळविले की, अशी सशर्त मान्यता ही मान्यताच नव्हे. घटना स्वीकारावयाची ती संपूर्ण आणि कायमची. हा उपक्रम. पंचेचाळीस वर्षांनी, मार्च १८३३ मध्ये, त्याने डॅनियल वेब्स्टरला लिहिले की, मनास येईल तेव्हा संघ सोडणे हा दिलेल्या वचनाचा अकारण भंग होय. आणि असह्य जुलुमापासून सुटण्यासाठी सोडणे हे क्रांतीचेच दुसरे नाव असून त्याविषयी तत्त्वतः वाद नाही. हा उपसंहार. मृत्यूनंतर प्रसिद्ध व्हावा म्हणून त्याने देशबांधवांस जो अखेरचा उपदेश लिहून ठेवला, त्यातही संघराज्य जपावे व चिरस्थायी करावे, हीच एक गोष्ट आहे. ज्याला घटनेचा जनक म्हणतात त्याची साक्ष अशी निःसंदिग्ध असताना, स्टीफन्स व डेव्हिस आपला भर तरुण मॅडिसनच्या १७९८ सालच्या व्हर्जिनिया-ठरावांवर देतात आणि त्या ठरावांचा अर्थ खुद्द लेखकाने पुढे काय सांगितला, याला मात्र त्या मानाने थोडीच किंमत देतात. ग्रंथकार हयात असता त्याच्या वाक्याचा अर्थ त्यालाच शिकवावयाचा, असा हा प्रकार झाला.

जॅक्सनने तर या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष अध्यक्षपदावरून दिले. १८३० साली एप्रिल महिन्यात जेफरसनच्या जन्मदिनानिमित्त एक मेजवानी झाली. संस्थानी हक्काच्या पुरस्कर्त्यांस जेफरसनच्या नावाखाली आपला पक्ष मिरवावयाचा होता. पुनः पाहावे, निमित्त पूर्वजाच्या जन्मतिथीचेच! जॅक्सनने पेला उंचावून, आपले संघराज्य टिकलेच पाहिजे, अशा अर्थाचे दोन शब्द उच्चारले आणि मेजवानीचा रंग पालटला. नोव्हेंबर १८३२ मध्ये दक्षिण कॅरोलिनाने जकातीचे कायदे आपल्या हद्दीत रद्द ठरविले. १० डिसेंबर रोजी जॅक्सनने जाहीरनामा काढून सांगितले की, शस्त्राच्या बळावर संघ मोडणे हा राजद्रोह आहे. हा मनुष्य कॅरोलिनाच्या सीमेवर जन्मलेला, टेनेसीचा जमीनदार, शेकडो गुलामांचा मालक. पुढल्या मे महिन्यात त्याने एका पत्रात लिहून ठेवले आहे की, जकात हे केवळ निमित्त होते, खरा हेतू दक्षिणेचे वेगळे राज्य हाच होता, आणि पुढले निमित्त गुलामगिरीचे असेल. अठ्ठावीस वर्षे आधी केलेले इतके अचूक भाकीत राजकारणात विरळा.

मन्रो व थोरला ॲडम्स यांच्याविषयी वेगळे लिहिण्याचे कारण दिसत नाही. त्यांच्या लेखांत वा कारभारात १८६१ सालच्या दक्षिणेस आधार सापडत नाही. धाकट्या ॲडम्सचे १८३९ सालचे वचन मात्र सोडून देता येत नाही. त्याचा अर्थ त्याच्याच उत्तरायुष्यात पाहावा. तोच पुरुष पुढे काँग्रेसात गुलामगिरीविरुद्धचे अर्ज वर्षानुवर्षे मांडत राहिला. आणि युद्ध उद्भवले तर युद्धाधिकाराने सरकारला गुलाम मुक्त करता येतील, हेही त्याने बजावून ठेवले होते. मित्रभावाने विभक्त होणे आणि तोफा डागून विभक्त होणे, यांतले अंतर त्याला पक्के ठाऊक होते.

तथापि, सर्व अध्यक्ष एकमुखाने संघाच्याच बाजूचे होते असे म्हणून हा अध्याय संपविला, तर ती लबाडी होईल. दहावा अध्यक्ष जॉन टायलर हा १८६१ साली जिवंत होता. व्हर्जिनियाचाच तो, त्याचा बाप जेफरसनचा मित्र. फेब्रुवारी १८६१ मध्ये राजधानीत भरलेल्या समेटाच्या परिषदेचा तो अध्यक्ष होता. समेट फसल्यावर त्याने व्हर्जिनियाच्या सभेत फुटून निघण्याच्या बाजूने मत दिले, दक्षिणी राज्याच्या प्रतिनिधिगृहावर तो निवडून आला, आणि जानेवारी १८६२ मध्ये, तेथे जाऊन बसण्यापूर्वीच, मरण पावला. त्याच्या शवपेटीवर दक्षिणेचा ध्वज होता. उलट बारावा अध्यक्ष झॅकरी टेलर हाही व्हर्जिनियात जन्मलेला, लुइझियाना व मिसिसिपीतील जमिनींचा व शंभरावर गुलामांचा मालक. पण १८५० साली फुटीची भाषा सुरू झाली तेव्हा तो तिच्याविरुद्ध खंबीरपणे उभा राहिला. त्याचा मुलगा पुढे दक्षिणेचा सेनापती झाला. आणि अल्पायुषी ठरलेल्या त्याच्या कन्येचा पती म्हणजे दुसरा कोणी नसून जेफरसन डेव्हिस! यावरून एवढे दिसते की, जन्मभूमी किंवा मालमत्ता पाहून यांची साक्ष आधीच ठरवून टाकता येत नाही. टायलर आणि मॅडिसन हे दोघेही व्हर्जिनियाचे जमीनदार, दोघेही गुलामांचे धनी. मग मधल्या काळात काय बदलले?

बदलली ती गुलामगिरी. आणि येथे या प्रश्नाचे मर्म आहे. १७९० च्या शिरगणतीत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० साली ते सुमारे ४० लाख झाले. १७९३ साली सरकी काढण्याचे यंत्र निघाले आणि कापसाने दक्षिणेचे सारे अर्थकारण व्यापले. त्याबरोबर मतही पालटले. जेफरसनची पिढी गुलामगिरीला निदान एक अरिष्ट तरी म्हणत असे. १८३७ साली कॅलहूनने सेनेटात उभे राहून ती साक्षात कल्याणकारक संस्था असल्याचे प्रतिपादन केले. २१ मार्च १८६१ रोजी सॅव्हाना येथे स्टीफन्सने जे भाषण केले, ते त्याच्या पुढील ग्रंथाशेजारी ठेवून वाचावे, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे. जेफरसन व त्याच्या काळचे बहुतेक मुत्सद्दी गुलामगिरी तत्त्वतः अन्यायाची समजत, असे त्याने त्या भाषणात स्वच्छ कबूल केले. सर्व वंश समान आहेत ही त्यांची समजूत मुळातच चुकीची होती. आणि आमचे नवे राज्य नेमक्या उलट सिद्धान्ताच्या पायावर उभारलेले आहे, असे तो अभिमानाने म्हणाला. सात वर्षांनी त्याच लेखणीतून उतरलेल्या ग्रंथात वाद राज्यघटनेचा आहे, संस्थानांच्या हक्कांचा आहे, पूर्वजांच्या शिकवणुकीचा आहे. गुलामगिरी हे केवळ प्रासंगिक निमित्त. विजयाची आशा होती तेव्हा पूर्वज चुकले होते; पराभव झाला तेव्हा तेच आप्त ठरले!

संस्थानी हक्काची बाजूही तपासून पाहावी. २४ डिसेंबर १८६० रोजी दक्षिण कॅरोलिनाने फुटून निघण्याची कारणे प्रसिद्ध केली. त्यांतील एक मुख्य तक्रार अशी की, पळून गेलेले गुलाम परत देण्याविषयीचा संघाचा कायदा उत्तरेकडील संस्थाने आपापल्या कायद्यांनी निष्फळ करीत आहेत. म्हणजे १८३२ साली जे दक्षिण कॅरोलिनाने केले, तेच उत्तरेने केले म्हणून ही तक्रार. ११ मार्च १८६१ रोजी दक्षिणेने जी स्वतःची राज्यघटना संमत केली तिच्या प्रस्तावनेत, आपण कायमचे संघराज्य स्थापीत आहोत, असे शब्द आहेत. फुटून निघण्याचा हक्क तीत कोठेही नमूद नाही. मात्र गुलामांवरील मालकीला बाध आणणारा कायदा काँग्रेसने करू नये, आणि एका संस्थानच्या नागरिकास आपले गुलाम घेऊन दुसऱ्यात जाण्यायेण्याचा हक्क असावा, ही कलमे तीत स्पष्ट आहेत. फल काय सांगितले आहे ते पाहावे, असे मीमांसक म्हणतात. येथे फल हे असे उघड्या डोळ्यांनी दिसण्यासारखे आहे.

तेव्हा आमचा निर्णय असा. सातांपैकी सहाजणांनी या कार्यास पाठिंबा दिला असता, असे मानण्यास त्यांचे लेख व कृत्ये जागा ठेवीत नाहीत. जेफरसनविषयी एवढेच म्हणता येईल की, परस्परसंमतीने होणारी वाटणी त्याने मान्य केली असती. पण गुलामगिरी हेच कल्याण, या तत्त्वाच्या पायावर उभारलेल्या राज्याला त्याची लेखणी आपली म्हणू शकली नसती. १८२० साली मिसूरीचा वाद पेटला तेव्हा, १७७६ च्या पिढीने केलेला त्याग मुलांच्या अविचारी विकारांपायी वाया जाणार, या खेदाने आपण मरणार, असे त्याने एका पत्रात लिहिले आहे. ते दुःख खरे होते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

पण येथेच थांबणे म्हणजे पूर्वजांना फारच स्वस्तात सोडणे होय. पहिल्या सातांपैकी पाचजण गुलामांचे मालक होते. दोघे ॲडम्स तेवढे नव्हते. वॉशिंग्टनने आपल्या मृत्युपत्रात, पत्नीच्या पश्चात, स्वतःच्या मालकीचे गुलाम मुक्त करण्याची तरतूद केली. मॅडिसनने तेही केले नाही. आणि जेफरसनच्या मृत्यूनंतर जानेवारी १८२७ मध्ये, त्याचे कर्ज फेडण्यासाठी, त्याच्या घरी १३० गुलामांचा लिलाव पुकारण्यात आला. ज्याने आपल्या पत्रात मुलांच्या अविचाराबद्दल शोक केला, त्याने मुलांच्या हाती वारसा कोणता ठेवला, हे त्या लिलावात दिसते. घटनेत त्यांनी गुलामगिरी हा शब्द लिहिण्याचे टाळले. पण प्रतिनिधींची संख्या ठरविताना गुलामांना तीन-पंचमांश मोजावे, १८०८ पर्यंत त्यांची आयात बंद करू नये, पळालेल्यांस परत द्यावे, ही तीन कलमे तीत घातली. संघराज्याविषयी त्यांची साक्ष स्पष्ट आहे. परंतु ज्या कारणासाठी ते मोडू घातले गेले, त्या कारणाचे ते साक्षीदार नसून सहभागी होते. दक्षिणेने त्यांचे नाव चोरले हे खरे; पण चोराच्या हाती लागेल अशा जागी त्यांनी ते ठेवले होते, हेही तितकेच खरे.

पूर्वजांस साक्षीस बोलावण्याचा दुसरा एक प्रकार त्याच काळात झाला होता. २७ फेब्रुवारी १८६० रोजी लिंकनने न्यूयॉर्कमध्ये जे व्याख्यान दिले, त्यात त्याने घटनेवर सही करणाऱ्या ३९ जणांची एकेक करून झडती घेतली. आणि संघाच्या नव्या प्रदेशांत गुलामगिरीस आळा घालण्याचा अधिकार मध्यवर्ती सरकारास आहे, असे त्यांपैकी २१ जणांनी आपल्या मतांनी वा कृतींनी दाखविले होते, हे सिद्ध केले. स्टीफन्सने वाक्ये गोळा केली, लिंकनने मते मोजली. पद्धतीतला हा भेद लहान नाही. पण त्याहून महत्त्वाचे आहे ते लिंकनने याच व्याख्यानात काढलेले पुढील उद्गार: पूर्वजांनी जे केले तेच आपण डोळे मिटून करावे असे आपले म्हणणे नाही, तसे करणे म्हणजे अनुभवाचा प्रकाश टाकून देणे होय, फक्त त्यांना सोडावयाचे तर पुरावा आणि युक्तिवाद भक्कम पाहिजे. पुढे त्याने त्यांना एका गोष्टीत सोडले. त्याची किंमत ६ लाखांहून अधिक सैनिकांनी आपल्या प्राणांनी दिली.

या युद्धाचा अर्थ काय, याविषयी स्टीफन्सचा ग्रंथ पुरा होऊन तीनच वर्षे झाली होती, तेव्हा पुण्यात एक मराठी पुस्तक निघाले. १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका जोतीराव फुले यांनी अमेरिकेतील सज्जन लोकांस, त्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी दाखविलेल्या निरपेक्ष औदार्याबद्दल, लिहिली. त्या लोकांचे औदार्य जोतीराव समजत होते तितके निर्भेळ होते की नाही, हा वेगळा विषय आहे. परंतु घटनेची कलमे, संस्थानांचे हक्क, पूर्वजांची वचने या धुरळ्यातून ज्या एका गोष्टीवर त्यांनी बोट ठेवले, ती गोष्ट मूळची होती. आणि हजारो कोस दूर असलेल्या या वाचकास ती त्या प्रसंगात प्रत्यक्ष वावरलेल्या उपाध्यक्षापेक्षा स्वच्छ दिसली. त्यांनी ते पुस्तक वॉशिंग्टनला किंवा जेफरसनला अर्पण केले नाही. ज्यांनी पूर्वजांचे राहिलेले देणे फेडले, असे त्यांना वाटले, त्यांना केले.